मोठ्या अक्षरांतली टर्की

एखाद्या माणसाबद्दल तुम्ही चार ठिकाणी सांगितलेली गोष्ट खोटी निघाली, तेव्हा ती खोटी होती हे सांगायला तुम्ही किती दारांवर गेलात?

ते सांगत राहिलेला एकच माणूस मी पाहिला आहे. त्याला अमरावतीतल्या अख्ख्या राजापेठेने वेडा ठरवलं.

गल्लीतली ट्यूशन सुटायच्या वेळी हे सर आपल्या फाटकापाशी उभे राहायचे. पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं लावलेली, पायात मोजे आणि मोज्यांवर चप्पल. स्कूटी काढणाऱ्या पोरापोरींना हात करून थांबवायचे आणि म्हणायचे, "टर्की हा पक्षी आहे. देश नाही. ध्यानात ठेवा." पोरं "हो आजोबा" म्हणायची आणि वळणावर जाऊन हसायची. भाजीवालीला, दूधवाल्याला, लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या पाहुण्यांनाही ते हेच सांगत. पाहुणे घरी गेल्यावर एकमेकांना विचारत, सरांचं डोकं कधीपासून असं झालं?

मी सरांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते. अमरावतीत खोली शोधताना आधी आडनाव विचारतात. आमचं आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असते. काल गेलेल्या अशा कितीतरी खोल्या बघून मी सरांच्या दारात उभी राहिले तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "इट्सचे दोन प्रकार. एकात अपॉस्ट्रॉफी असते, एकात नसते. फरक सांग."

मी सांगितला.

"राहा," म्हणाले. "पान्याची मोटर सकाळी चालू होते. अन् गच्चीवर मोठ्यानं चुकीचं इंग्रजी बोलू नको, मले खालपर्यंत ऐकू येते."

मी राहत होते तोवर त्यांनी मला आडनाव विचारलं नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. पुढचं वाचताना त्यांचा राग येईल, तेव्हा हेही सोबत असू द्या. मला दोन्ही एकदम सांभाळता येत नाही.

माझे बाबा बाळापूर तालुक्यात चळवळीचं काम करत. आमच्या घरात गहू कमी आणि पत्रकं जास्त असायची. मी वाचायला शिकले तीच पत्रकांवर. 'जाहीर निषेध' हे मी वाचलेले पहिले दोन शब्द. त्यामुळे मीही कॉलेजात आल्याबरोबर पत्रकं लिहू लागले, आणि सर ती लाल पेनाने तपासू लागले. मी मागितलं नव्हतं. मी जिन्यात गठ्ठा ठेवला की त्यातलं एक ते काढून घ्यायचे.

"का वं पत्रकवाली, इतले उद्गारचिन्ह काहून? ओरडल्याबिगर तुह्याच्यानं बोलनं होत नाई का?"

"सर, अन्याय पाहून माणूस ओरडतोच."

"ओरड. पन कोनं केला अन्याय ते लिहिलंच नाई. 'प्रस्थापित शक्ती' म्हने. कोन हाये हे? कुठं राह्यते? दार वाजवू का जाऊन?"

सरांनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं. निवृत्तीनंतर त्यांना एक वेगळाच नाद लागला होता, वस्तू ओळखायचा. ज्याच्या घरात काहीतरी अनोळखी सापडे, तो ते सरांकडे घेऊन यायचा. आजीच्या पेटीतलं पितळी काहीतरी, जुन्या रेडिओचा तुकडा, परदेशातून कोणी आणलेलं लसणाचं यंत्र. सर आधी साबणाने हात धुवायचे, स्वतःच्या टॉवेलला पुसायचे, वस्तू तळहातावर फिरवायचे, भिंगातून बघायचे. ओळख पटली तर नाव सांगायचे आणि त्याचं स्पेलिंगही पाठ करायला लावायचे. नाही पटली तर "माईत नाई" एवढंच. ती वस्तू मग त्यांच्या खिडकीच्या कट्ट्यावर बसायची, तिथे आधीच बसलेल्या अनोळखी वस्तूंच्या शेजारी. कोणी अंदाज केला तर सर त्याला थांबवायचे आणि आपलं आवडतं वाक्य म्हणायचे, "नाव माईत नसन तं नावं ठेवू नये." हे वाक्य त्यांनी स्वतः बनवलं होतं आणि त्यातल्या कोटीवर ते दर वेळी नव्याने खूश होत.

खाली रस्त्याकडच्या गाळ्यात सत्तारभाईंचं दुकान होतं. कुकर, मिक्सर, शेगड्या दुरुस्त करायचे. मूळचे अकोल्याच्या जुन्या शहरातले, पण तरुणपणीच इकडे आले आणि सरांच्या गाळ्यात बसले ते बसलेच. त्यांच्या पाटीवर इंग्रजीत कुकरचं स्पेलिंग चुकलेलं होतं. सर रोज सकाळी पेपर आणायला जाताना त्या पाटीसमोर थांबायचे.

"सत्तार, आज तरी एक 'ओ' वाढव."

"सर, स्पेलिंग सुधारलं तं गिऱ्हाईक म्हनन, दुकान बदललं. परत जाईन ना!"

"तुह्या पाटीनं माह्या घराची इज्जत चालली."

"इज्जत कुकरसारखी असते सर. शिट्टी होते तोवर चांगली हाये."

मग दोघं हसायचे. हे मी वरच्या खिडकीतून इतक्या वेळा ऐकलं आहे की आजही मला दोघांचे आवाज वेगवेगळे आठवत नाहीत, एकत्रच आठवतात.

सत्तारभाईंच्या काउंटरवर एक लोखंडी नळी उभी असायची. बोटाएवढी लांब, अंगठ्याहून जाड, काळपट. एका टोकाला बारीक आटे, दुसऱ्या टोकाच्या काठावर खाचा. बाळापूरला एका बंद घराचं सामान भंगारात निघालं, त्यात ती त्यांना मिळाली होती. त्यांनी तिच्यात ओली माती भरली आणि उदबत्ती खोचायला घेतली. अंगावर इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं. सरांचंही नव्हतं, कारण ती त्यांच्याकडे ओळखायला कोणी आणली नव्हती.

मग ते दिवस आले. गावात काही घडलं नव्हतं, पण फोनमध्ये रोज घडत होतं. कुठली तरी मिरवणूक, कुठला तरी दगड, कुठला तरी जुना व्हिडिओ. अशात कोणीतरी मिक्सर न्यायला आला आणि उदबत्तीच्या नळीचा फोटो काढून गेला. संध्याकाळपर्यंत गल्लीच्या ग्रुपवर तो फोटो आला, खाली ओळ होती: 'कुकरच्या दुकानात बंदुकीचं सामान?' शेवटी प्रश्नचिन्ह होतं. तेवढी लाज अजून शिल्लक होती.

दुसऱ्या दिवशी एक हवालदार आले. सरांचे जुने विद्यार्थी. नळी त्यांच्या हातात, मागे सत्तारभाई आणि सत्तारभाईंच्या मागे निम्मी गल्ली.

"सर, हे काय हाये ते तुमीच सांगा. तुमी सांगसान ते फायनल."

मी जिन्यात उभी होते. त्या दिवशी सरांनी हात धुतले नाहीत. सरळ भिंग काढलं. फाटकाबाहेर लोक टाचा उंच करून बघत होते आणि सरांचा आवाज वर्गातला झाला. मोठा, प्रत्येक शब्द सुटा.

"बारा गेज. म्हणजे बारा बोर. हा बंदुकीच्या नळीला लावायचा भाग आहे." लोकांत कुजबुज झाली. सरांनी नळी थोडी फिरवली. "आणि इथे लिहिलंय टर्की. कॅपिटल टी. म्हणजे देश. तुर्कस्तानचा माल आहे."

"सर, मी तं त्याच्यात उदबत्ती लावतो," सत्तारभाई म्हणाले.

कोणीतरी हसलं. हवालदार म्हणाले, "चला भाई, ठान्यात बसून बोलू."

इतकंच झालं. सत्तारभाईंना सोडलं, केस झाली नाही, कारण नुसत्या नळीची केस करायची कशी हे कोणालाच सुचेना. पण तोवर ग्रुपवरच्या ओळीतलं प्रश्नचिन्ह गळून पडलं होतं. नवी ओळ होती, 'तुर्कस्तानी शस्त्राचा भाग. आपल्या गल्लीतल्या ज्येष्ठ शिक्षकांनी खात्री केली आहे.' ती ओळ अमरावती सोडून अकोल्याला गेली, तिथून कुठे गेली देव जाणे. सत्तारभाईंना लोक टर्कीभाई म्हणू लागले. वाईट माणसंच नव्हे, चांगली माणसंही. त्यांच्याबरोबर चहा पिणारी माणसं पाठीवर थाप मारून म्हणायची, "काय टर्कीभाई!" मग कुकर येणं कमी झालं. एक बाई उघडून ठेवलेला कुकर तसाच पिशवीत घालून घेऊन गेल्या. म्हणाल्या, "घरचे नाई म्हनून राह्यले."

सत्तारभाई टेम्पोत सामान भरून अकोल्याला परत गेले तेव्हा सर खाली आले नाहीत. मला म्हणाले, "जाऊ दे. वातावरन निवलं का येईन तो."

हवालदारांनी ती नळी सरांना आणून दिली. "ठेवा सर, आमच्या काई कामाची नाई." ती कट्ट्यावर बसली. एका दुपारी सरांनी मला हाक मारली. त्यांच्या समोर वर्तमानपत्रावर नळी होती आणि चष्मा कपाळावर होता.

"हे वाच."

मी वाचलं. "बारा जी. ए. टर्की. एक्स्ट्रा फुल." जी. ए. म्हणजे गेज.

"टर्कीचा टी कॅपिटल हाये?"

"हो."

"अन् यू? आर? के?"

"सगळीच अक्षरं कॅपिटल आहेत, सर."

"मंग एक्स्ट्रा फुल हा बी देश हाये का?"

आपल्या भाषेत मोठं अक्षर, लहान अक्षर असला प्रकार नाही, म्हणून हे नीट सांगते. सरांनी वर्षानुवर्षं मुलांना एक नियम घोकून घेतला होता. टर्की हा शब्द आला तर पहिलं अक्षर बघा. कॅपिटल असेल तर देश, स्मॉल असेल तर पक्षी. हा त्यांचा आवडता प्रश्न होता, परीक्षेत हमखास यायचा. तो नियम खरा आहे. पण लोखंडावर अक्षरं कोरणारा माणूस सगळीच मोठी कोरतो. त्याच्यासमोर सरांचा नियम मुका होता आणि सरांना ते दिसलं नाही, कारण फाटकाबाहेर इतके जुने विद्यार्थी उभे होते.

परदेशी शिकाऱ्यांची एक चर्चेची वेबसाइट मी शोधून काढली आणि नळीचे फोटो टाकले. माझ्यासारख्या मुलीने शिकाऱ्यांना अदबीने 'नमस्कार' लिहावा याची मला गंमत वाटली. उत्तरं लगेच आली. एकाने आट्यांचा जवळून फोटो मागितला, कारण प्रत्येक कंपनीचे आटे वेगळे. एकाने आतल्या तोंडाचं माप विचारलं. सरांनी शेजारच्या पोराकडून मापाचा चिमटा मागवला आणि स्वतः मोजलं, मग पुन्हा मोजलं. कंपनी कोणती ते शेवटपर्यंत ठरलं नाही, खूण झिजली होती. पण वस्तू कोणती यावर सगळ्यांचं एकमत होतं. याला चोक म्हणतात. अमेरिकेत टर्की नावाच्या मोठ्या रानपक्ष्याची शिकार करतात, त्यासाठीची ही जुनी नळी. बंदुकीच्या तोंडात फिरवून बसवायची. 'एक्स्ट्रा फुल' म्हणजे तोंड फारच अरुंद. छर्ऱ्याची बंदूक उडाली की छर्रे पसरतात. ही नळी त्यांना पसरू देत नाही. सगळे गोळा करून लांबच्या एकाच मानेवर पाडते.

मी हे मराठीत वाचून दाखवत होते. शेवटच्या वाक्याशी थांबले. गल्लीतला संशय तोवर पसरलेलाच होता, चिमूट चिमूट सगळ्यांच्या मनात. सरांच्या तोंडून तो अरुंद होऊन बाहेर पडला होता. सरांना ते माझ्याआधी कळलं होतं.

"पक्षी हाये तं," ते म्हणाले. "अन् मीच देश सांगितला लोकाइले."

आम्ही एसटीने अकोल्याला गेलो. मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात विचारत विचारत पोचलो. सत्तारभाई भाच्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून शेगडी खोलत होते. आम्हाला बघून उठले, हात पुसले, सरांना खुर्ची दिली, भाच्याला चहाला पिटाळलं.

"सर, इतल्या उन्हात? अन् तुमी बी आल्या ताई. जय भीम."

"जय भीम, भाई."

सरांनी चहा येईपर्यंतही दम धरला नाही. उभे राहिले. रस्त्यावरची माणसं बघू लागली. "सत्तार, ते पक्ष्याचं नाव हाये. मी चुकलो. मले माफ कर."

सत्तारभाईंनी त्यांना खांद्याला धरून बसवलं. "कोनता पक्षी?"

"टर्की. मोठ्या कोंबड्यावानी असते."

सत्तारभाई हसले. खरंच हसले. "म्हंजे मी कोंबड्यापायी ठान्यात बसलो का बाप्पा!" मग हसणं थांबलं. शेगडीचा बर्नर हातात घेऊन ते त्याची भोकं साफ करू लागले. "सर, तुमी इतल्या दूर आले, तुमचा मान हाये. पन एक सांगू? मी काई केलं नाई हे मले तं पयलेच माईत होतं. ज्याले माईत होतं त्यालेच तुमी सांगाले आले. ज्याइले माईत नाई ते तं तुमच्याच दारापुढून जाते रोज."

"तू परत ये. गाळा रिकामाच हाये."

"टर्कीभाई म्हनून येऊ का सत्तार म्हनून?" ते म्हणाले. "नाव साफ झालं तं येतो. तुमी करा साफ. मी कुकर करतो, हे काम मले जमत नाई."

चहा आला. आम्ही प्यायलो. अमरावती आल्यावर सर म्हणाले, "पत्रक काढू."

मला वाटलं, आता माझं काम आलं. मी बसून लिहिलं. द्वेषाचं राजकारण, अफवांचा बाजार, बहुसंख्याकांची मुजोरी, सगळं आलं. सर म्हणाले, "यात मी कुठं हाव?" मग त्यांनी स्वतः लिहून दिलं. इतकंच: 'मी जे सांगितलं ते चूक होतं. ती नळी तुर्कस्तानची नव्हती. सत्तारभाई निर्दोष आहेत. चूक माझी आहे, पोलिसांनी ती माझ्या शब्दावर खरी धरली आणि तुम्ही पसरवली.' खाली पूर्ण नाव, पत्ता.

मी ते आमच्या चळवळीच्या गटाच्या बैठकीत नेलं. आमचे लोक म्हणाले, एका माणसाच्या माफीवर पत्रक निघत नाही, लढा व्यवस्थेशी आहे, मुद्दा लहान होईल. शेवटी माझंच पत्रक छापलं गेलं. त्यात सत्तारभाईंचं नाव नव्हतं. आमच्या पत्रकात व्यवस्था होती, इतिहास होता, आणि ज्याचं नाव साफ करायचं होतं तो माणूस नव्हता. सरांनी ते हातात घेतलं, लाल पेन काढलं, आणि पेन तसंच परत खिशात ठेवलं. त्यांनी माझं लिहिणं न तपासता परत दिलं ते तेवढंच. ही लाज माझी एकटीची नाही; ज्यांना मोठं बोलायची सवय आहे त्या आम्हा सगळ्यांची आहे.

त्यानंतर सर फाटकापाशी उभे राहू लागले. पोरांना पक्षी आणि देश सांगत, पण मोठ्यांना पूर्ण सांगत. "सत्तार आठवते ना? त्याच्यावर मी चुकीचं बोललो."

"सोडा ना सर. कोनाले आठवते आता?"

"नाव काय होतं त्याचं?"

"टर्कीभाई."

"हे तं आठवते!"

एकदा तेच हवालदार मोटरसायकल थांबवून म्हणाले, "सर, तुमी कावून त्रास करून घेता? केस तं झालीच नाई."

"म्हनूनच तं बापा," सर म्हणाले. "केस झाली असती तं कोर्टानं सोडला असता. आता त्याले कोन सोडन?"

ग्रुपवर त्यांनी लिहायचा प्रयत्न केला. त्यांना ते धड जमत नव्हतं, मी लिहून दिलं. खाली हात जोडल्याची चिन्हं आली, मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या आणि ते वर सरकून गेलं. ग्रुपच्या अ‍ॅडमिनने सरांच्या मुलाला पुण्याला फोन केला, बाबांकडे लक्ष द्या. मुलगा आला, डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरलाही सरांनी सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयोमानाने माणूस एकाच गोष्टीला धरून बसतो.

गेल्या हिवाळ्यात सर वारले. शोकसभा ट्यूशनच्याच हॉलमध्ये झाली. वक्त्यांनी त्यांच्या शिस्तीबद्दल सांगितलं, व्याकरणाबद्दल सांगितलं. एक जण म्हणाले, शेवटी शेवटी सरांनी आम्हाला पक्षीही शिकवले. हॉल प्रेमाने हसला. मी उठले, माइकपर्यंत गेले, सत्तारभाईंचं नाव घेतलं. अध्यक्षांनी हळूच माइकवर हात ठेवला. "ताई, हा प्रसंग नव्हे."

तेवढ्यात दारात सत्तारभाई आले. अकोल्याहून, एकटे, हातात फुलांची पुडी. खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेतले एक सज्जन गृहस्थ, सरांचे शाळेतले सोबती, स्वतः उठून उभे राहिले आणि अगदी मनापासून म्हणाले, "अरे, या या टर्कीभाई, पुढं या, इथं बसा."

सत्तारभाई गेले. त्या खुर्चीवर बसले. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर आपुलकीशिवाय काही नव्हतं, म्हणून त्यांच्यावर ओरडताही आलं नाही. गाळा अजून रिकामा आहे. सत्तारभाई परत आलेले नाहीत, कारण त्यांनी सांगितलेली अट पुरी झालेली नाही, आणि ती पुरी करणं ना त्यांच्या हातात आहे, ना आता सरांच्या.

ते तुमच्या हातात आहे. राजापेठेत राहत असाल, किंवा ती ओळ ज्यांच्यापर्यंत पोचली त्या अकोल्या-अमरावतीच्या हजारो माणसांपैकी असाल, तर फोन उघडा. ज्या ग्रुपवर ते आलं होतं त्याच ग्रुपवर, त्याच माणसांसमोर लिहा की ते खोटं होतं, की त्यांचं नाव सत्तारभाई आहे, की त्यांनी काही केलेलं नाही. तुमच्यापर्यंत ती ओळ आली नसेल तर तुमच्या गल्लीबद्दलची दुसरी एखादी आली असेल; तिच्यातला माणूस शोधा आणि त्याच्याबद्दल लिहा, पूर्ण नावाने. हात जोडल्याची चिन्हं येतील. कोणी म्हणेल, जुनं कशाला उकरता. कोणी म्हणेल, काढून टाका, ग्रुपचं वातावरण बिघडतं.

काढू नका.